आधीचं काम काहून सोडलं?

गुढीपाडवा जवळ आला की नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या गावांमध्ये सालाची बोलणी सुरू होतात. जुनं साल पाडव्याला फिटतं, नवं त्याच दिवसापासून धरलं जातं. ओसरीवर कास्तकार, समोर गडी. रोख किती, धान्य किती, उचल किती, खाडे कसे कापायचे, हे सगळं ठरायचं असतं. पण त्याआधी एक प्रश्न हमखास येतो: "मांगच्या मालकाचं काम काहून सोडलं बा?"

गडी बहुधा दोनच शब्दांत उत्तर देतो. "पटलं नाई."

या दोन शब्दांत काहीही असू शकतं. आजारपणाचे खाडे कापले असतील, बायकोलाही बिनपैशानं निंदणाला बोलावलं असेल, शिवी दिली असेल, किंवा खरंच गडीच कामाला ढिला असेल. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. गाव लहान, वावराला वावर लागून. चौकशी आधीच झालेली असते आणि प्रश्न त्यानंतर येतो. कास्तकाराला कारण जाणून घ्यायचं नसतं, समोरचा माणूस ते कारण कसं सांगतो हे पाहायचं असतं.

याच तालुक्यातला आयटीआय झालेला मुलगा पुण्याला चाकण-रांजणगावच्या कारखान्यात मुलाखतीला बसतो, तेव्हा टेबलापलीकडून तोच प्रश्न येतो. भाषा बदललेली असते: "सध्याची नोकरी का सोडताय? आधीच्या कंपनीविषयी सांगा." तिथे मात्र "पटलं नाई" चालत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत आधीच्या मालकाविषयी काय बोलावं, हा प्रश्न शिष्टाचाराचा समजला जातो. मार्गदर्शन शिबिरं, रोजगार मेळावे, कॉलेजातले प्लेसमेंटचे तास सगळीकडे एकच उत्तर मिळतं: आधीच्या मालकाबद्दल कधीही वाईट बोलू नका. सल्ला खोटा नाही. पण तो अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा सांगितला जात नाही म्हणून त्याचा भार नेमका त्या माणसावर पडतो ज्याची बाजू खरी असते.

आधी सल्ल्यातला खरा भाग. १९९८ साली जॉन स्कोव्रोन्स्की, डोनाल्ड कार्लस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातला एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखादा माणूस दुसऱ्याचं वर्णन करतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात ते गुण किंवा दोष बोलणाऱ्यालाच चिकटतात, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. कोणी "आमचा साहेब क्रूर होता" म्हणालं, तर ऐकणाऱ्याच्या आठवणीत क्रूरपणाची सावली सांगणाऱ्यावर पडते. बोलणारा दुसऱ्याबद्दल बोलतोय हे माहीत असूनही असं होतं. ऐकणारा हे जाणूनबुजून करत नाही, म्हणूनच तो स्वतःला थांबवूही शकत नाही. मुलाखतीच्या वीस मिनिटांत हे घडलं तर उमेदवाराला ते पुसून काढायला वेळ नसतो.

दुसरं कारण साधं आहे. मुलाखत घेणाऱ्यानं आधीच्या मालकाला पाहिलेलं नसतं, पाहिलेला असतो फक्त उमेदवार. परिस्थितीचा दोष माणसावर टाकण्याची सवय सगळ्यांनाच असते. ली रॉस यांनी १९७७ साली तिला नाव दिलं आणि तेव्हापासून ती मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. दोन वर्षांत तीन नोकऱ्या दिसल्या की "हा टिकत नाही" असं वाटतं. तिन्ही ठेकेदारांची कंत्राटं संपली असतील, हे सुचत नाही.

इथून गोष्ट गुंतागुंतीची होते, कारण आधीचा मालक म्हणजे नेमका कोण, हेच आज पुष्कळांना सांगता येत नाही.

नांदगाव खंडेश्वरचंच पाहा. नोकरीच्या गप्पांत 'नांदगाव' म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, तिथे मोठी एमआयडीसी आहे. ती आहे नांदगाव पेठला, अमरावतीच्या उत्तरेला. कापडाचे मोठे कारखाने तिकडचे. यवतमाळ रस्त्यावरचं नांदगाव खंडेश्वर हा सोयाबीन-कपाशी-तुरीचा तालुका. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला आणि ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. असल्या मोठ्या कामावर कंपनी एक असते, तिचा ठेकेदार दुसरा, त्याचा पोटठेकेदार तिसरा. डंपर चालवणारा पोरगा घरी कंपनीचं नाव सांगतो, कारण हेल्मेटवर तेच असतं. पगार मात्र तिसराच कोणी देतो. पुढच्या मुलाखतीत तो कंपनीचं नाव घेतो, आणि कागद तपासणारा म्हणतो, तुमच्या पीएफला तर दुसरंच नाव दिसतंय.

हा पीएफ आता बोलका साक्षीदार झाला आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये भविष्यनिर्वाह निधी संघटनेनं १२ आकडी यूएएन क्रमांक आणला. माणूस नोकरी बदलतो, क्रमांक बदलत नाही. कोणत्या आस्थापनेत कधी लागला, कधी सुटला, हे त्या क्रमांकामागे साठत जातं. हेतू कामगाराच्या सोयीचा होता. जुने पैसे हरवू नयेत, खातं पाठोपाठ यावं. पण भरतीच्या वेळी पडताळणी करणाऱ्यांना तयार यादीच मिळाली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये विप्रोनं एकाच वेळी दुसरीकडे काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून आयटीतल्या भरतीत ही यादी अधिकच बारकाईनं पाहिली जाते. एखादी नोकरी उमेदवारानं सांगितलीच नाही, तरी ती दिसते. तेव्हा वाईट गेलेली सहा महिन्यांची नोकरी झाकून ठेवावी, हा जुना उपाय आता धोक्याचा आहे. शांतपणे सांगितलेली वाईट नोकरी खपते, लपवलेली सापडली तर निवड झालेली असूनही हातची जाते.

ठेकेदाराच्या हाताखालच्या मुलानं काय करावं? जे आहे तेच, दोन वाक्यांत: पगार अमुक एजन्सीकडून, काम अमुक कंपनीच्या अमुक साइटवर. यात कमीपणा काही नाही. ही दोन वाक्यं बोलायला कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून उमेदवार अडखळतो आणि अडखळणं खोटेपणासारखं दिसतं. तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर-वायरमनच्या अभ्यासाबरोबर याला एक तास दिला, तर तो वाया जाणार नाही.

मालकाचा कागद घेऊन हिंडण्याची गोष्ट जुनी आहे. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळात, १८०३ साली, प्रत्येक कामगाराला एक वही बाळगणं सक्तीचं झालं. जुन्या मालकानं त्या वहीत 'देणंघेणं फिटलं' असं लिहून दिल्याशिवाय नवा मालक कामावर घेऊ शकत नसे. ही वही १८९० मध्ये रद्द झाली. आपल्याकडे इंग्रज साहेबांच्या बंगल्यांवरचे खानसामे, आया, माळी जुन्या साहेबाची 'चिठ्ठी' जपून ठेवत आणि नव्या साहेबापुढे उलगडत. ती इतकी रूढ झाली की आपला शब्दच इंग्रजीत गेला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात 'चिट' या नोंदीत नोकराला दिलेलं प्रशस्तिपत्र हाही अर्थ दिला आहे.

जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला लेखी प्रशस्तिपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यात माणसाच्या पुढच्या वाटेत विनाकारण काटे पेरायचे नाहीत असा दंडक. परिणाम असा की मालकांनी गोड शब्दांची एक सांकेतिक भाषाच तयार केली. 'सदैव आमच्या संपूर्ण समाधानास उतरले' म्हणजे उत्तम. नुसतं 'आमच्या समाधानास उतरले' म्हणजे जेमतेम. 'त्यांनी प्रयत्न केले' म्हणजे काम जमलं नाही. वाईट लिहायची बंदी केली म्हणून वाईट सांगणं थांबत नाही, ते आडून सांगितलं जातं, हे त्यातून दिसतं. उमेदवाराला नुसतं 'वाईट बोलू नका' असं बजावलं तर तोही हेच करतो. "नव्या संधीच्या शोधात आहे" हे आपल्याकडच्या मुलाखतींतलं असंच एक वाक्य. बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि हाती काहीच लागत नाही.

मालकाच्या शब्दाला काही बांध असावा लागतो, नाहीतर तो शस्त्र होतो. ब्रिटनमध्ये २००९ साली माहिती आयुक्तांच्या कार्यालयानं 'कन्सल्टिंग असोसिएशन' नावाच्या संस्थेवर छापा घातला. तिथे बांधकाम कामगारांची गुप्त कार्डं सापडली. ३,२१३ माणसांची नावं. युनियनमध्ये होता, सुरक्षेबद्दल तक्रार केली, असे शेरे. मोठमोठ्या कंपन्या पैसे भरून ही यादी पाहत आणि माणसाला काम नाकारत. त्या माणसांनी मुलाखतीत कितीही गोड बोलून उपयोग नव्हता, कारण त्यांच्याबद्दलचं बोलणं आधीच झालं होतं.

आपल्याकडे कागदाचा हक्क आहे, पण अर्धवट. १९४६ च्या औद्योगिक रोजगार कायद्याखालच्या आदर्श स्थायी आदेशांत, नोकरी संपताना कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्र मिळालं पाहिजे असं स्पष्ट होतं. अगदी बडतर्फ केलेल्यालाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांत स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. वऱ्हाडातले जिनिंग-प्रेसिंग, दालमिल, तेलघाण्या, ट्रॅक्टरची शोरूम यांतलं कोणतं काम तीनशेवर पोचतं? एक चांगली गोष्ट अशी की वेतन संहितेनुसार राजीनामा दिल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. हे मुलाखतीला बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. अडकलेला पगार हे नोकरी सोडण्याचं आणि जुन्या मालकावर राग धरण्याचं फार मोठं कारण आहे.

सालदाराच्या बाबतीत या अडकवण्याचं नाव उचल. मागच्या मालकाची उचल फिटली का, हा पाडव्याच्या बोलणीतला दुसरा प्रश्न. फिटली नसेल तर नवा मालक ती भरतो आणि गडी त्या कर्जासकट एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर जातो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं गुन्हा ठरवलं. ज्याच्या मागे उचल आहे त्याला मागच्या मालकाविषयी मोकळेपणानं बोलता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. "पटलं नाई" हे दोनच शब्द त्याला परवडतात.

शिक्षकांची गोष्ट आणखी निराळी. अमरावती-अकोल्यात शिकलेल्या माणसाची पहिली नोकरी पुष्कळदा खासगी संस्थेच्या शाळेत असते. याच तालुक्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख; १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्याच्या पोराला शाळा मिळाली, शिकवायला नोकरीही मिळाली. अशा संस्थांच्या विस्तारासोबत नोकरीचे तंटेही वाढले. १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायद्याचं कलम ७ वाचण्यासारखं आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टानं पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. राजीनाम्यासारख्या साध्या कागदाची रीत कायद्यात इतकी बारीक का लिहावी लागली, हे कोऱ्या कागदावर आधीच सही घेतलेल्या कोणत्याही शिक्षकाला लगेच कळतं.

असा शिक्षक दुसऱ्या संस्थेत मुलाखतीला जातो तेव्हा समोर जुन्या संस्थाचालकांचे सोयरे किंवा स्पर्धक बसलेले असू शकतात. जिल्ह्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. निंदा केली तरी ती फिरून पोचते, स्तुती केली तरी. त्यानं तिथे आपल्या कामाबद्दल बोलावं: किती वर्षं, कोणते वर्ग, कोणता विषय, निकाल काय, आणि कार्यमुक्तीचा आदेश कोणत्या तारखेचा.

सरकारी नोकराला हा प्रश्न तुलनेनं हलका जातो, कारण त्याचा मालक बोलतो तो सेवापुस्तकातून आणि गोपनीय अहवालातून. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. मालकानं आपल्याबद्दल काय लिहिलं ते वाचण्याचा हा हक्क खासगी नोकरीत जवळजवळ कोणालाच नाही.

सगळ्यांत अवघड जागा बाईची. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला, २०१३ च्या कायद्याखाली तक्रार केली, चौकशी झाली, आणि शेवटी तिनंच नोकरी सोडली. पुढच्या मुलाखतीत कारण विचारलं तर ती काय सांगणार? त्या कायद्याचं कलम १६ तक्रारीतला मजकूर, चौकशीचा तपशील, संबंधितांची ओळख जाहीर करायला मनाई करतं. हा नियम तिच्या अब्रूच्या रक्षणासाठी आहे. पण खरं सांगितलं तर 'कटकटी बाई' असा शिक्का, आणि गप्प राहिलं तर सेवेतला खंड संशयास्पद. तिला 'जुन्या मालकाबद्दल चांगलंच बोला' असं शिकवणं हा अन्याय आहे. तिला इतकं म्हणण्याची मोकळीक हवी: "तिथलं वातावरण माझ्यासाठी सुरक्षित नव्हतं, मी रीतसर मार्गानं गेले, तपशील सांगणं योग्य होणार नाही." आणि मुलाखत घेणाऱ्यानं तिथेच थांबायला हवं. पुढचा प्रश्न विचारणं हा कुतूहलाचा भाग आहे, भरतीचा नव्हे.

म्हणजे चेंडू शेवटी विचारणाऱ्याकडे येतो. हा प्रश्न विचारून त्याला कळतं तरी काय? फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र हिशेब मांडला. पुढच्या कामगिरीशी सहसंबंध मोजला तर ठरवून घेतलेल्या, सगळ्यांना तेच प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीचा आकडा ०.५१ आला, मनाला येईल तशा घेतलेल्या मुलाखतीचा ०.३८. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासून खाली आणले, पण ठरीव मुलाखत ०.४२ वर सगळ्यांत पुढे ठरली. 'आधीचे साहेब कसे होते' हा मनाला येईल तशा मुलाखतीतला प्रश्न आहे. त्याऐवजी 'वरिष्ठांशी मतभेद झाला असा एक प्रसंग सांगा, तुम्ही काय केलंत' असं विचारलं तर उमेदवाराला तक्रार सांगायची गरज उरत नाही आणि विचारणाऱ्याला त्याचं वागणं कळतं.

शेवटचा पगार किती होता, हाही आधीच्या मालकाविषयीचाच प्रश्न. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं २०१६ मध्ये कायदा करून नेमणूक देण्याआधी तो विचारायला बंदी घातली, पुढे न्यू यॉर्क शहरानं आणि कॅलिफोर्नियानं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशातही ती आहे. कारण उघड आहे. एका मालकानं कमी दिलं की पुढचा त्यावर टक्के चढवतो, आणि बाईचा किंवा खेड्यातून आलेल्याचा पहिला तुटपुंजा पगार जन्मभर मागे लागतो. आपल्याकडे तीन महिन्यांच्या पगारपत्रकाशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत.

अलीकडच्या उमेदवारांत एक नवा गट आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवी झालेल्यांना दरमहा अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं; सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर गेली. ग्रामपंचायत, शाळा, तहसील कार्यालयांत बसलेल्या या मुलामुलींचा पहिला 'मालक' म्हणजे सरकारी कचेरी. पुढच्या मुलाखतीत "काम काही नव्हतं, बसून राहायचो" हे खरं असलं तरी त्यानं स्वतःचंच नुकसान होतं. किती दाखले संगणकावर चढवले, कोणती नोंदवही सांभाळली, हे आठवून ठेवलेलं बरं.

खरं आणि सभ्य यांत भांडण असायलाच हवं असं नाही. "तिथले साहेब नालायक होते" हा शेरा झाला. "चार महिन्यांत तीनदा पगार वीस-वीस दिवस उशिरा झाला, मी लेखी विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून नोटीस देऊन निघालो" ही घटना. पहिल्या वाक्यानं दोष बोलणाऱ्याला चिकटतो. दुसऱ्यात चिकटायला विशेषणच नाही, आहेत ती तारीख, कागद आणि स्वतः उचललेलं पाऊल. अचलपूरच्या फिनले मिलचा कामगार "२०२० च्या टाळेबंदीत मिल बंद झाली" एवढंच म्हणाला की त्याचं उत्तर पूर्ण होतं.

अशा सांगण्याचा मोठा नमुना मराठी माणसापुढे आहे. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिष्यवृत्ती सयाजीरावांची, करार दहा वर्षांच्या सेवेचा. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं आणि ते मुंबईला परतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. बडोद्याची हकिगत त्यांनी पुढे आत्मकथनपर 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिली: धर्मशाळेचं भाडं, दारात उभी राहिलेली माणसं, गाडीची वाट पाहत कामाठी बागेत काढलेले पाच तास. शिवी नाही, आणि काही लपवलेलंही नाही. शिष्यवृत्ती देणारा महाराज आणि दार लावणारं शहर यांची गल्लतही त्यांनी केली नाही.

पाडव्याच्या बोलणीत अनुभवी सालदार एक गोष्ट करतो, ती शहरातले उमेदवार क्वचितच करतात. उचल ठरण्याआधी तो मागच्या गड्याला गाठतो आणि त्या ओसरीवरचं जेवण, खाडे, मालकाची जीभ यांची चौकशी करतो. मग कास्तकारासमोर बसल्यावर स्वतःच विचारतो: "तुमच्या मांगच्या गड्यानं काहून सोडलं, मालक?" कारखान्यात, शाळेत, कचेरीत "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" असं शेवटी म्हणतातच. तेव्हा या जागेवर आधी कोण होतं, किती दिवस टिकलं आणि का गेलं, एवढं विचारता येतं.